कार्तिक वद्य द्वितीयेची सकाळ

मुंबई, ५ ऑगस्ट १९३५

तीर्थरूप यमुनाकाकीस काशीरामचा नमस्कार.

सुकटाची पिशवी पोचली. खोलीतले दोघे घाटावरचे सोबती आधी नाक धरून बाहेर जाऊन बसले आणि मग माझ्याआधी तेच ताटावर बसले. पुढच्या वेळी जरा जास्त पाठव.

तू विचारतेस, कचेरीत मी नक्की करतो काय. ऐक. आमचे साहेब एका जुन्या वादळाचा नकाशा करतायत. १९२४ च्या कार्तिकात आलं होतं ते. कुठल्या दिवशी ते कुठे होतं, कुठे वारा होता, कुठे आभाळ मोकळं होतं, हे बंदराबंदरांच्या वह्यांतून जुळवायचं. म्हणजे गेलेले दिवस पुन्हा उभे करायचे. आणि काल माझ्या हातात वही आली ती हर्ण्याची. वर काकांचं अक्षर, ‘शाळामास्तर साळवी, पर्जन्यमापन’. काकांना जाऊन पाच वर्षं झाली, पण ते अक्षर बघून मी पाठ ताठ करून बसलो.

आत मात्र सगळा जांभळा रंग पसरलाय. वादळानंतरच्या पहिल्या आगबोटीने वही पाठवली असणार, आणि पडावातून आगबोटीवर चढवताना लाटेने भिजवली असणार. काकांची ती पुडीची शाई, पाणी लागलं की गेली. दिवाळी ते पौर्णिमेनंतरचे चार दिवस, एक ओळ सोडली तर काही वाचता येत नाही.

मी तेव्हा चिपळूणला शाळेत, फक्त दिवाळीपुरता घरी आलेला. पण तू होतीस. काका तापाने पडले की पावसाचं भांडं तूच बघायचीस, पाटीवर लिहायचीस, आणि ते वहीत उतरवायचे. तेव्हा आठवेल तेवढं सांग. इंच आणि शतांश नकोत, ते मी बघतो.

तुझा,
काशीराम

हर्णे, नारळी पौर्णिमा

चि. काशीरामास आशीर्वाद.

अरे, अकरा वर्षांमागचं आभाळ मला विचारतोस? काल चष्मा कुठे ठेवला ते आज सापडत नाही. पण तू विचारलंस म्हणून बसले आठवत, आणि काय सांगू, एकेक दिवस आपसूक येऊन उभा राहिला.

पहिल्या आंघोळीला पहाटे दव एवढं पडलं होतं की रांगोळी ओली होऊन पसरली. तू कुडकुडत ‘काकी, आणखी एक तांब्या’ म्हणत होतास. पाडव्याला दुपारी ढग आले नि नुसते बघून गेले. भाऊबीजेला चार थेंब. चारच, कारण वाळत घातलेले पोहे मी आत घेतले नि लगेच पुन्हा बाहेर घातले. तू चिपळूणला परत गेलास त्या दिवशी स्वच्छ ऊन. पुढचे दोन दिवस वारा बिलकूल नव्हता. भात झोडून पडलं होतं नि ते वारवायला वारा नाही, म्हणून भात झोडणारी चिमा खळ्यात बसून सगळ्या देवांना शिव्या देत होती. तुळशीच्या लग्नाला उलट, वाऱ्याने ऊस उभा राहीना, दक्षिणेचा वारा. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात शंभरावर पणत्या होत्या नि एक विझली नाही. उकडत होतं.

पुढचं आठवत नाही. वय झालं.

आज इथे मासेमारीचे सगळे मचवे पाण्यात उतरले. अस्लमचा तेवढा अजून माडाच्या झापांखालीच आहे. बावीस वर्षांचा झाला, हातात बापासारखंच कसब आहे, पण त्याच्या मचव्यावर बसायला एक खलाशी तयार नाही. ‘अलीचा पोरगा, आभाळ न जुमानणाऱ्याचा पोरगा,’ म्हणतात. म्हणतो, मुंबईला येऊन आगबोटीच्या भट्टीवर आगवाला होतो. त्याची आई खतिजा नि मी शेजारणी, तिच्या भाकरीचा आवाज मला ऐकू येतो, आज तो आला नाही.

काकी

मुंबई, २६ ऑगस्ट १९३५

ती. काकी,

तुझं पत्र साहेबांना भाषांतर करून वाचून दाखवलं. चिमाच्या शिव्यांवर साहेब खुर्चीत मागे रेलून हसले आणि म्हणाले, हिने वारा आमच्या यंत्रापेक्षा बरा मोजलाय. तुझी पोह्यांची नोंद मी ‘नाममात्र पाऊस’ अशी घातली. बाकी बंदरांशी ताडून बघितलं, एक दिवस चुकला नाही.

पण काकी, तू मोठी लबाड आहेस. रांगोळी आठवते, ऊस आठवतो, आणि ज्या दिवशी वादळ आलं तो दिवस तेवढा नाही? की काहीतरी भन्नाट आठवतंय नि मला तंगवतेस?

गंमत म्हणजे वहीत वाचता येते ती ओळ तेवढीच. १३ नोव्हेंबर, गुरुवार, कार्तिक वद्य द्वितीया. ती ओळ काकांनी पुडीच्या नव्हे, घरच्या काजळाच्या शाईने लिहिलीय, म्हणून पाण्याला पुरून उरली. ‘पहाटेपासून पश्चिमेस काळोख. समुद्र खवळलेला. होड्यांनी जाऊ नये असे सांगितले.’

अस्लमच्या वडिलांचा, अली तांडेलाचा मचवा बुडाला तो हाच दिवस ना? काकांनी सांगूनही गेले, म्हणजे कमालच. वारा नक्की किती वाजता सुटला तेवढं कळव. नकाशा त्यावर अडलाय.

अस्लमला खुशाल पाठव. गोदीत माझ्या ओळखीचे आहेत.

काशीराम

हर्णे, २० सप्टेंबर

चि. काशीरामास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. तुझ्या साहेबांना सांग, मामलेदारांनी तेव्हाच येऊन चौकशी केली आहे. वही वाचली, सगळ्यांचे जबाब घेतले, प्रकरण मिटलं. जे गेले ते गेले, ज्यांनी लिहिलं तेही गेले. सरकारला आता त्यात काय उकरायचं आहे?

वारा किती वाजता सुटला ते मला माहीत नाही. तू माझ्या हातचं जेवून मोठा झालास, एवढं ध्यानात ठेव नि हा विषय पुरे कर.

काकी

मुंबई, २६ सप्टेंबर १९३५

काकी,

तुझ्या पत्राने दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सरकारला काही उकरायचं नाही. चौकशीबिकशी काही नाही, एक नकाशा आहे, तो भिंतीवर लागेल आणि त्यावर धूळ बसेल. मी पोरकट प्रश्न विचारला, चुकलो.

पण तुझ्याशी खोटं बोललो तर तू ओळखशील, म्हणून सांगतो. ती ओळ मला सलतेय. रोजची नोंद सकाळी आठला शाळेत व्हायची, शाळेच्या शाईने. ही घरच्या शाईने का? आणि रत्नागिरीला त्याच सकाळी आठला आभाळ स्वच्छ आहे. बाणकोटलाही. मधे एकट्या हर्ण्याला काळोख कसा?

मला मोजायला काकांनी शिकवलं. भांड्यातलं पाणी डोळ्याच्या रेषेत धरून बघायचं, वाकून नाही. तसंच बघतोय. तू नाही सांगितलंस तरी मी तुझाच आहे. नकाशात हर्ण्याची जागा कोरी सोडून देईन.

काशीराम

हर्णे, १० ऑक्टोबर, दसरा होऊन तीन दिवस

काशीराम, बाळा,

कोरी जागा सोडीन म्हणालास ना, तिथे माझा बांध फुटला. अकरा वर्षं ती जागा मी कोरीच सोडली आहे. आता सांगते. वाचून मला काय म्हणायचं ते म्हण.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मचवे निघायच्या आधी ते हाकणारे तांडेल आपल्या खिडकीशी यायचे, ‘मास्तर, आज काय?’ आणि हे सांगायचे. लोक यांच्या शब्दावर जात नि यांच्या शब्दावर थांबत. त्या गुरुवारी यांना सपाटून ताप होता. गोधडीत डोकं घालून पडले होते. मी भांडं बघितलं, कोरडं. आभाळ बघितलं. पाटीवर लिहिलं, ‘आभाळ स्वच्छ, वारा जमिनीकडून.’ तेवढ्यात अलीभाई खिडकीशी आले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, त्यांचा नमाजाचा, मचवा काढायचे नाहीत, म्हणून गुरुवारी सगळ्यांच्या आधी निघायची घाई. म्हणाले, ‘वयनी, मास्तर पडलेत तर तुम्हीच सांगा, आज काय?’

मी म्हटलं, चांगलं आहे.

मला मोठा मान वाटला रे. पहिल्यांदाच कुणी मला विचारलं होतं.

दुपारी काय झालं ते तू ऐकलंच आहेस. अलीभाई, गोदूबाईचा थोरला पोरगा बाबल्या, आणखी तिघे. एकही परत आला नाही. संध्याकाळी गोदूबाई किनाऱ्यावर लोळत होती, नि मी दारात उभी राहून यांना म्हटलं, मीच सांगितलं हो, चांगलं आहे म्हणून. हे तापातच उठले. म्हणाले, ‘असं वादळ आकाशातून टपकत नाही. सकाळी पश्चिमेला काळोख असणारच. तुला दिसला नाही. तुझं काम नव्हतं ते.’ पाटी ओल्या फडक्याने पुसली, काजळाची दौत घेतली आणि ती ओळ लिहिली. मला म्हणाले, ‘तू कुणाशी बोललीच नाहीस. गाव तुला जिवंत सोडणार नाही.’ मामलेदारांपुढे त्यांनी तीच ओळ वाचली. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी बोलला नि मग कधी नीट झोपला नाही.

म्हणजे बघ, मी आंधळी ठरले म्हणून पाच माणसं मेली. आणि दोष गेला अलीभाईंच्या माथी. गोदूबाई मासळीच्या लिलावाला खतिजाच्या शेजारी बसत नाही, तिची सावली पडली तर टोपली उचलते. आणि मी? मी खतिजाकडे कालवणाची वाटी पाठवते. दर आठवड्याला, अकरा वर्षं. मी सकाळी वर बघत नाही आताशा. खाली मान घालून तुळशीला पाणी घालते.

पण काशीराम, एक गोष्ट माझ्या डोळ्यापुढून जात नाही. अलीभाई खिडकीशी होते तेव्हा त्यांच्या मागे, समुद्रातल्या किल्ल्याच्या वर, चंद्र होता. पांढरा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. हे मी यांना कधी बोलले नाही. म्हणतील, तुला भास झाला. झालाही असेल.

काकी

मुंबई, ४ नोव्हेंबर १९३५

काकी,

तीन आठवडे गप्प होतो ते रागावून नव्हे. रोज कचेरी सुटली की आगबोट कंपनीच्या वखारीत जात होतो. तिथला म्हातारा कारकून आधी मला हाकलायचा, मग चहा पाजायला लागला. त्या आठवड्यातल्या बोटींच्या रोजनाम्यांचे गठ्ठे एकेक करून उपसले. परवा सापडला.

दक्षिणेकडे जाणारी आगबोट त्या गुरुवारी सकाळी साडेसातला हर्ण्यासमोर नांगरून होती. कप्तानाने लिहिलंय ते असं: आभाळ पूर्ण मोकळं, मंद वारा जमिनीकडून, समुद्र शांत. उतारू पडावात उतरवले. मासेमारीचा एक मचवा शिड उभारून बाहेर पडतोय. पौर्णिमेनंतरचा चंद्र पश्चिमेला मावळतीवर.

काकी, चंद्र होता. तुझा चंद्र सरकारी कागदावर आहे. पश्चिमेला काळोख असता तर तो दिसलाच नसता. कृष्ण द्वितीयेचा चंद्र सकाळी आठला पश्चिमेच्या समुद्राला टेकलेला असतो, हे गणितही मी करून पाहिलं, दोनदा. तो तिथेच असायला हवा होता आणि तिथेच होता.

वादळ दक्षिणेकडून समुद्रातून आलं. कप्तानाला पहिली लांब लाट लागली ती अकरानंतर, वारा सुटला तो दीड वाजता. त्याच्याकडे हवेचा दाब मोजायचं यंत्र होतं, तरी तो नांगर उचलून निघाला. मग तुला काय दिसणार होतं, आणि अलीभाईंना काय, आणि काकांना तरी काय?

काकांनी सकाळ पाहिलीच नव्हती. ते गोधडीत होते. त्यांनी दुपारचं थैमान पाहिलं आणि त्यावरून सकाळ लिहिली. आमच्या कामात हीच पहिली चूक सांगतात, नंतर काय झालं ते ठाऊक असलं की आधीचं आभाळही काळं दिसायला लागतं. त्यांना वाटलं ते तुझी चूक झाकतायत. चूक नव्हतीच. नसलेली चूक झाकायला त्यांनी एक खरी केली. त्यांच्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह केलं. राग आला, आणि रडूही आलं, कारण त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

तो दिवस मी तुझ्या पद्धतीने लिहून पाठवतो. आकडे त्यात नाहीत.

‘कार्तिक वद्य द्वितीया. पहाटे गारवा, पायाला दव. वारा जमिनीकडून, चुलीचा धूर समुद्राकडे जाणारा. आठ वाजता आभाळात एक ढग नाही. किल्ल्यावर चंद्र. आगबोट आली. मचवा गेला. जाण्यासारखीच सकाळ होती.’

हे पत्र चुलीत घालायचं की कुणाला वाचून दाखवायचं, ते तू ठरव. तू काहीही केलंस तरी मी तुझ्या बाजूला आहे.

काशीराम

हर्णे, कार्तिक वद्य द्वितीया, सकाळचे नऊ

काशीराम,

तिथी बघ वरची. तीच आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तीन वेळा वाचलं. मग यांच्या तसबिरीपुढे बसून यांना वाचून दाखवलं, नि चांगली भांडले. म्हटलं, तुमच्या शब्दावर मी माझे डोळे गहाण टाकले अकरा वर्षं. आणि मग त्यांच्यासाठीच रडले. बिचारा माणूस, मला वाचवायला गेला नि स्वतः बुडाला.

मग खतिजाकडे गेले. सगळं सांगितलं. पाटी, खिडकी, वाटी, काही ठेवलं नाही. ती मासा साफ करत होती, हात थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाली, ‘दर आठवड्याला कालवण येतं ते का, मी ह्यांना कबरीत तरी विचारीन म्हनत होते. कबर पन नाय ह्यांना.’ मी खाली बसले. तिने मला बसू दिलं नाही. हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘माझ्या घरात सांगून काय उपेग? चल, जिथं त्यांचं नाव घालवलंत तिथं सांग.’

संध्याकाळचा लिलाव ऐन भरात होता. खतिजाने माझा हात धरला होता, तो प्रेमाने नव्हता. मी सगळ्यांपुढे सांगितलं आणि तुझं पत्र वाचलं. कुणी दगड मारला असता तरी मी हलले नसते. चंद्राशी आले तेव्हा गोदूबाई टोपली बाजूला सारून उठली. मला वाटलं, आता ही मारते. जवळ येऊन विचारते काय, ‘परत वाच ता.’ मी परत वाचलं.

ती म्हणाली, ‘बाबल्याची भाकर मीच बांधून दिलेली. मी पन वर बघितलं होतं. माझ्या डोल्यांनी पन चांगलंच दिसलं होतं गं. पन मास्तरांच्या वहीत काळोख लिवलेला, मग मी म्हटलं, माझेच डोले खोटे.’

मग गोदूबाई टोपली घेऊन गेली आणि खतिजाच्या जागेशेजारी मांडली. दोघी नुसत्या बसल्या. माझ्याशी खतिजा अजून बोलत नाही, नि तिने लगेच बोलावं असं मला वाटतही नाही.

काल रात्री केरू, गोदूबाईचा धाकटा, अस्लमकडे जाऊन म्हणाला, मी येतो. एक आला म्हणून आणखी तिघे आले. आज पहाटे झापं काढली.

आणि सकाळी अस्लम खिडकीशी आला. बापाच्याच जागी उभा. म्हणाला, ‘काकी, आज काय?’

अकरा वर्षांनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. वारा जमिनीकडून. त्याच्या खांद्यामागे किल्ल्यावर चंद्र होता, तसाच, तेवढाच. मला वाटलं खिडकी लावून घ्यावी. मग म्हटलं, ‘सकाळ चांगली आहे. दुपारचं मला ठाऊक नाही, ते तुझं तू बघ. पाण्याची चाल बदलली की मागे फिर.’ तो म्हणाला, ‘अब्बांनी पन एवढंच विचारलेलं, सकाळचं.’ आणि गेला.

दुपारचे तीन. समुद्राकडचा खारा वारा सुटलाय, रोजचाच. मी सात वेळा किनाऱ्यावर जाऊन आले. आठव्या वेळी खतिजा तिच्या ओट्यावर होती. सरकून तिने जागा केली. दोघी बसून आहोत. हे तिथेच बसून मांडीवर लिहिते आहे.

दिवेलागण. मचवा आला. बांगडा आहे, भरपूर. केरू वाकून ओकतोय, त्याला पहिल्या दिवशी लाट लागली, नि गोदूबाई त्याला सगळ्या गावादेखत शिव्या घालतेय. खतिजाने आठ बांगडे माझ्या पदरात टाकले आणि म्हणाली, ‘वाटी घेऊन येऊ नको आता. जेवायला ये.’

तुझ्या साहेबांच्या नकाशात हर्ण्याची जागा भर. यांची ओळ खोडू नकोस, ती त्यांनी माझ्यावरच्या मायेने लिहिली आहे. तिच्या खाली पुसून टाकलेल्या पाटीवरची ओळ घाल, न पुसणाऱ्या शाईने:

‘आभाळ स्वच्छ, वारा जमिनीकडून. अली तांडेलाने विचारले, तेव्हा चांगले आहे असे सांगितले. सांगणार, यमुना साळवी.’